पोटाचं केळवण

आमच्या घरमालकांच्या आधी त्यांची खुर्ची पोचायची. लग्न असो, साखरपुडा असो की घरभरणीचं जेवण, मांडवाच्या तोंडाशी टेम्पो थांबायचा, दोन माणसं एक लोखंडी खुर्ची खाली घ्यायची आणि वाढपी एकमेकांना हाळी द्यायचे, "खुर्ची आली रं! बादल्या भरून ठिवा." आमच्या गावच्या, राजुरीच्याच एका वेल्डरनं ट्रॉलीला लावतात त्या अँगलची ती बनवली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचा अनुभव मालकांनी दोन-तीन लग्नांत घेतला होता आणि तेवढा त्यांना पुरला होता. खुर्ची पंगतीच्या टोकाला मांडली जायची, तिच्यापुढं स्टूल यायचं, आणि मग मालक स्वतः जीपमधून उतरायचे. उतरणं हा वेगळाच कार्यक्रम असायचा.

सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिले. मी जवळच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि माझं स्वतःचं पोट जन्माचं नाजूक होतं. अशा बाईनं नेमकं आप्पांच्या घरात राहायला जावं, याला दैव म्हणतात. पहिल्याच दिवशी काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जेवायला बोलावलं. मी दोन भाकरी संपवून ताटावर हात आडवा धरला. आप्पा म्हणाले, "मॅडम, तुमच्या बोटातली अंगठी लई झ्याक हाय, बघू जरा." मी हात पुढं केला आणि काकींनी ताटात तिसरी भाकरी टाकली. ही युक्ती त्यांनी तालुक्यात कित्येकांवर वापरली होती. अंगठी नसलेल्याला ते घड्याळ विचारत.

आग्रह हा त्यांचा खरा धंदा होता. वजनकाटा हा जोडधंदा. नगर-कल्याण रस्त्याला लागून त्यांचा मोठा वजनकाटा होता. आणे गावाजवळचा घाट उतरून येणाऱ्या कांद्याच्या गाड्या तिथं चढायच्या, आप्पा केबिनमधून वजन बघायचे आणि ड्रायव्हरच्या हातात पावती द्यायचे. गाडी आधी भरलेली चढते, मग माल उतरवून रिकामी चढते, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. आप्पा जगातल्या सगळ्या गोष्टी याच हिशेबानं मोजायचे. कुणी कुणाचं कौतुक करायला लागलं की ते थांबवून म्हणायचे, "ही भरलेली गाडी झाली. रिकामी दाखवा." कुणाच्या सोयरिकीत नवऱ्या मुलाचं घर, बागाईत, नोकरी यांची वर्णनं चालू असली, तरी आप्पांचा एकच प्रश्न असायचा, "हे समदं उतरवल्यावर पोरगा कसा हाय?"

स्वतःचं वजनही ते असंच घ्यायचे. घरातला वजनाचा काटा त्यांच्या पायाखाली एकदा टोकाला गेला तो परत आलाच नाही. मग त्यांनी जीप काट्यावर उभी केली. एकदा आप्पांसकट, एकदा आप्पांशिवाय. काटा गाड्यांचा, त्यामुळं आकडा दहा-दहा किलोंनी उडी मारायचा. आप्पा एकशेसत्तर तरी होते किंवा एकशेऐंशी तरी. मधली खबर त्या काट्याला नव्हती, आणि आप्पांनाही ती नको होती. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी वजन विचारल्यावर त्यांनी खिशातून वजनकाट्याची पावती काढून दिली. मालाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं 'स्वतः' असं लिहिलं होतं.

इथवरचं सगळं गमतीचं आहे, आणि गावानं ते गमतीतच घेतलं होतं. घरात मात्र गंमत नव्हती. ते मला काकींकडून कळलं. एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत होतो. बोलता बोलता काकींची मान खाली गेली आणि हातातली जुडी सुटली. त्या बसल्या जागी झोपल्या होत्या. मी हळूच हाक मारली तर दचकून म्हणाल्या, "थांबलं का?"

"काय थांबलं, काकी?"

मग त्यांनी सांगितलं. आप्पा झोपेत घोरायचे, ते माडीवर मलाही ऐकू यायचं आणि मी मनातल्या मनात वैतागायची. पण मधेच ते घोरणं बंद पडायचं, ते मला कधी जाणवलं नव्हतं. घोरणं बंद म्हणजे श्वासही बंद. "घोरत्यात तवर मला डोळा लागतो, मॅडम," काकी म्हणाल्या. "आवाज थांबला का जाग येती. मग मी उठून हलवती. जोरात हलवावं लागतं. मग एक मोठा हुंदका येतो आन् पुन्हा चालू व्हत्यात." किती वर्षं असं चाललंय, विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. नारायणगावच्या डॉक्टरांनी नाकाला लावायचं मशीन दिलं होतं. पण तेव्हा रात्रीचं भारनियमन होतं. लाइट गेली की मशीन बंद, आणि आप्पा मशीनच्या पट्ट्यांत गुंडाळलेले. चार दिवसांत ते मशीन माळ्यावर गेलं. काकींच्या हातांवर तव्यानं भाजल्याचे डाग होते. भाकरी भाजताना डुलकी लागायची, त्याचे. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की एक दिवस हलवूनही ते उठायचे नाहीत.

आप्पांना हे सगळं माहीत होतं. त्यांना शुगर होती, गुडघे गेले होते, आणि बायको झोपत नाही हेही ठाऊक होतं. नारायणगावच्याच डॉक्टरांनी त्यांना पोटाच्या ऑपरेशनचं सुचवलं. आणि तिथून आप्पांचा तो प्रसिद्ध तौलनिक अभ्यास सुरू झाला.

"मॅडम, तुमी शरीर शिकवता ना? मग जठर काढा." त्यांनी केबिनच्या काळ्या रंगवलेल्या दारावर बोट ठेवलं. मी खडूनं अन्ननलिका, जठर आणि आतडं काढलं. मग बाजूला आणखी दोनदा काढलं, कारण ऑपरेशनं तीन प्रकारची होती. एकात जठराच्या वरच्या भागाला सिलिकॉनचा पट्टा बसवतात, त्यामुळं थोडं खाल्लं की पोट भरतं. कातडीखाली एक छोटी डबी असते, तिच्यात सुईनं पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. दुसऱ्यात जठराचा मोठा भाग कापूनच काढतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. हे तेव्हा अगदी नवं होतं. तिसरा बायपास. जठराची वर एक इवलीशी पिशवी करतात आणि आतडं तिला थेट जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, पण अन्न तिकडं जात नाही.

आप्पांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि खडू माझ्या हातातून घेतला. "म्हंजी हा पाइपाला क्लॅम्प. ही टाकी कापून बारकी केली. आन् ही टाकी सोडून थेट शेताच्या चारीला जोड." त्याहून सोपं मला वर्गातसुद्धा कधी सांगता आलं नसतं, पण आप्पांना तेवढ्यावर निकाल लावायचा नव्हता. ती चित्रं त्या दारावर पुढं वर्षभर राहिली. पावती घ्यायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांच्यापुढं उभं केलं जायचं. "पावणं, तुमचं मत काय?" नगरकडचे एक वयस्क ड्रायव्हर होते, त्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "विहीर कुठंय?" आप्पा त्यांच्यावर खूश झाले. कुणी क्लॅम्पच्या बाजूचं, कुणी टाकीच्या. बायपासला मात्र कुणी विचारीना. आप्पा स्वतः तर त्याच्या विरोधातच होते. त्या वेळी हायवेला गावाबाहेरून वळण काढायच्या चर्चा चालू होत्या आणि रस्त्यावरचे हॉटेलवाले हवालदिल झाले होते. "बायपास झाल्यावर गावात चहा पियाला कुनी वळत न्हाई, मॅडम. जठरानं आपलं काय वाकडं केलंय?"

प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. अवसरी बुद्रुकला त्यांच्या लांबच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मुंबईला जाऊन पट्टा बसवून घेतला होता. आप्पा जीप काढून तिकडं गेले, सोबत मलाही नेलं. चांगलं तासभर त्या गृहस्थांची उलटतपासणी चालली. भाकरी अडकते का? अडकते. मटण? विचारूच नका. मग आप्पांनी आवाज खाली आणला.

"बासुंदी?"

त्या गृहस्थांनी दाराकडं बघितलं. बायको आत होती. "उतरती," ते म्हणाले. "आइस्क्रीम पन उतरतं. म्हनून तर वजन हाय तिथंच हाय."

परतीच्या वाटेवर आप्पांनी मंचरच्या हॉटेलाशी जीप थांबवायला लावली. मग म्हणाले, "पट्टाच चांगला." त्या गृहस्थांचं वजन का उतरत नाही, याचं कारण त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. पण त्यातली त्यांना हवी तेवढीच अर्धी गोष्ट त्यांनी घरी नेली. शिवाय पट्टा सैल करता येत होता. आण्याची यात्रा आली, कुणाची सोयरीक जुळली, की सुईनं पाणी काढायचं आणि दोन दिवसांनी परत भरायचं, असा त्यांचा बेत होता. मी जरा रागावूनच म्हणाले, की मग ऑपरेशन करायचंच कशाला? त्यावर ते म्हणाले, "मॅडम, मानसानं परतीची वाट ठिवावी."

पुण्याचे सर्जन तरुण आणि सोशिक होते. त्यांनी आप्पांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. पट्टा कमी जोखमीचा, पण वजन हळू उतरतं, वरचेवर यावं लागतं, पट्टा सरकू शकतो आणि गोड-पातळ खाणाऱ्याला तो फसवता येतो. नळी केली तर कापलेलं परत मिळत नाही. बायपासनं वजन उतरतं आणि शुगरही चांगली आटोक्यात येते, पण जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर अंगातलं रक्त आणि हाडं दोन्ही कमी पडतात. "तुमची शुगर आणि तुमची खाण्याची पद्धत बघता मी बायपास सुचवेन," ते म्हणाले. आप्पा म्हणाले, "पट्टा." सर्जननी एकदा माझ्याकडं आणि एकदा काकींकडं पाहिलं, पुन्हा सगळं समजावलं, आणि शेवटी माणसानं काहीच न करण्यापेक्षा हे बरं, अशा चेहऱ्यानं मान्य केलं. एकच अट घातली. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ खायचं. चरबीनं फुगलेलं लिव्हर जठराच्या वर येऊन बसतं, ते आकसलं तरच जठर दिसणार.

"आमटी पातळच असती," आप्पा म्हणाले.

"कशी करता?"

"तेलाचा तवंग आसा बोटभर..."

"नाही," सर्जन म्हणाले.

ते दोन आठवडे नीट गेले असते. आप्पांनी पहिले दोन दिवस मुगाचं पाणी पिऊन काढलेही. तिसऱ्या दिवशी त्यांचे थोरले चुलतभाऊ आले. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. टोपी काढून गुडघ्यावर ठेवून ते काकींना म्हणाले, "उद्या आप्पाला आमच्याकडं जेवायला घिऊन या. त्याचं पोट जानार. जायच्या आधी एकदा केळवान करतो."

मला वाटलं ते थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. लग्नाआधी मुलाला किंवा मुलीला भावकीतली घरं एकेक करून जेवायला नेतात, तसंच हे. घरची लेक सासरी जाते आणि आप्पांचं पोट जाणार, एवढाच फरक. मी त्यांना लिव्हरचं सांगायला गेले. ते मायेनं म्हणाले, "मॅडम, डाक्टर त्यांच्या जागी बराबर हायेत. पन कापल्यावर ह्यो मानूस जेवनार कवा?" आप्पांकडं बघितलं, तर त्यांचा चेहरा फुलून आला होता. इतकी वर्षं त्यांनी लोकांना आग्रह केला होता. आता सगळं गाव त्यांना करणार होतं.

"गाडी आधी भरलेली चढवावी लागती," ते मला म्हणाले. "मगच रिकामीचा हिशेब लागतो."

मग रोज एक घर. पुरणपोळी, मासवडी, सार, गुळवणी, मटणाचा रस्सा. प्रत्येक घरी पाट मांडून कुंकू लावलं जायचं, टॉवेल-टोपी व्हायची. एका घरी तर बायकांनी उखाणा घ्यायला लावला आणि आप्पांनी तो घेतला. काकी प्रत्येक वेळी सोबत जायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. सून म्हणून आलेल्या बाईनं भावकीच्या थोरल्याला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. माझ्याकडं बघून त्या मान खाली घालायच्या. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्या हातांवरचे डाग दिसले की तो ओसरायचा.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी सर्जन बाहेर आले. काकी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा दंड धरला. "पेशंट ठीक आहेत," सर्जन पहिल्यांदा तेच म्हणाले. "पण काही करता आलं नाही. कॅमेरा आत घातला, तर लिव्हर एवढं मोठं की खाली जठर दिसतच नाही. पुढं जाणं धोक्याचं होतं, म्हणून बंद केलं. दोन आठवडे पातळ खाल्लं होतं ना?"

काकींनी माझा दंड सोडला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "केळवणं झाली."

"कुणाची?"

"ह्यांच्या पोटाची."

सर्जन चिडतील असं मला वाटलं. ते भिंतीला टेकून नुसते उभे राहिले. मग म्हणाले, वजन बरंच उतरवून या, काही महिन्यांनी परत बघू. ते उतरलं नाही तर मात्र माझ्या हातात काही नाही.

आप्पा शुद्धीवर आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पट्टा सैल ठिवलाय ना?" काकींनी त्यांना सगळं सांगितलं. मी त्या खोलीत थांबले नाही.

घरी येताना मंचर आलं, तिथल्या हॉटेलाशी आप्पांनी जीप थांबवायला सांगितली नाही. हे माझ्या माहितीत प्रथमच घडलं. नारायणगाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "कुनाला सांगायचं न्हाई."

"का?" मी विचारलं.

"ज्यांनी जेवू घातलं त्यांच्या जिवाला लागंल. मायेनं घातलं व्हतं, राव." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि थोडी चीडही आली.

पोटावर पट्ट्या होत्या, त्यामुळं सगळे धरूनच चालले की पट्टा बसला. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. थोरल्या चुलतभावांनी आप्पांच्या पोटावर तळहात ठेवून डोळे मिटले आणि जाहीर केलं, "लागतोय की हाताला!" मग बाकीच्यांच्याही हाताला लागला. आणि त्या दिवसापासून राजुरीनं आप्पांना वाटीनं जेवण वाढायला सुरुवात केली. ज्या प्रेमानं लोकांनी केळवणं केली, त्याच प्रेमानं आता ते ताटात डोकावायचे. "आप्पा, बास. तानंल." कुणाच्या घरी गेलं तर वाटीभर वरण, कपभर ताक. आप्पांच्या घरात माणसांची ये-जा कधी थांबायची नाही, त्यामुळं चोरून खायची सोय नव्हती. पोट मात्र पूर्वीएवढंच होतं आणि ते रोज ओरडत होतं.

खरा बदल काकींमध्ये झाला. कुणाला नाही म्हणायला त्यांना आता डॉक्टरांचं नाव मिळालं होतं. सर्जननी सांगितलेली पथ्यं त्या पाळायच्याच, वर स्वतःची घालायच्या. आण्याच्या यात्रेतली आमटी कुणी बादलीभर घेऊन आलं, तर दारातच उभ्या राहून म्हणायच्या, "तेलानं पट्टा निसटतो." बासुंदीनं म्हणे तो गंजायचा. सिलिकॉन गंजत नाही, हे जीवशास्त्राच्या मॅडमना ठाऊक होतं. मॅडम गप्प बसल्या.

त्या मोसमात बेल्ह्याला एक लग्न होतं. खुर्ची नेहमीसारखी पुढं गेली. पंगत बसली, वाढपी जिलेबीची परात घेऊन आले आणि आप्पांच्या स्टुलापाशी न थांबता पुढं गेले. मग मठ्ठा आला, तोही पुढं गेला. आप्पांनी एका पाव्हण्याला घड्याळ विचारलं, पाव्हण्यानं वेळ सांगितली, पण वाढप्याला खूण करायला आप्पांचा हात वर गेला नाही. समोर वाटी होती, ती त्यांनी पाच मिनिटं पुरवली. मी शेजारी बसले होते. जेवणं उठल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, आज मला कुनी एकदा पन 'घ्या' म्हनलं न्हाई. मेल्यावर असंच वाटत असंल." ते भुकेनं बोलत नव्हते. भूक त्यांना होतीच, पण हे दुसरंच काहीतरी होतं, आणि मला त्यांची फार दया आली. घरी जाताना जीपमध्ये काकींनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला होता. गावाकडच्या जोडप्यानं चारचौघांत असं करायचं नसतं, पण त्यांनी ठेवला होता.

काही महिन्यांत लोखंडी खुर्चीच्या दोन्ही हातांशी जागा दिसायला लागली. जीप काट्यावर चढली, उतरली, आणि दहा-दहाच्या तीन-चार उड्या कमी झाल्या. त्यापुढं मात्र काटा हलेना. घोरणं कमी झालं नव्हतं. थांबायचंही तसंच. तपासणीला जातो असं सांगून आम्ही तिघं पुन्हा पुण्याला गेलो.

सर्जननी जुना कागद उघडला, तीन चित्रं पुन्हा पुढं ठेवली आणि समजावायला सुरुवात केली. आता क्लॅम्प, टाकी आणि चारी पुन्हा ऐकावी लागणार, म्हणून मी खुर्चीत सावरून बसले. आप्पांनी चित्रांवर हात ठेवला.

"जे पुन्हा सैल व्हत न्हाई ते करा," ते म्हणाले.

"तुम्हाला परतीची वाट हवी होती ना?" मी विचारलं.

"तीच लई महागात पडली, मॅडम." मग सर्जनकडं वळून म्हणाले, "बायपास. तुमी पयल्या दिवशीच म्हनला व्हता."

या खेपेला लिव्हर आकसलेलं होतं आणि ऑपरेशन झालं. गावाला ते कधीच कळलं नाही. पुढचं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला दोन घास जास्त गेले की उलटी व्हायची. डोक्यावरचे केस विरळ झाले, अंगावरची कातडी झोळीसारखी लोंबायला लागली, आणि रोजच्या गोळ्यांना ते वैतागायचे. पण वजन उतरत राहिलं. तालुक्यात मात्र आप्पांना पट्ट्यानंच बारीक केलं अशी ख्याती झाली. कुणी खरोखरच गरजू माणूस विचारायला आला, की आप्पा त्याला केबिनमध्ये घेऊन दार लावायचे आणि सगळं खरं सांगायचे. बाहेर पडताना तो माणूस गंभीर असायचा. आप्पा मागून ओरडायचे, "केळवान करू दिऊ नगा!"

मग माझी बदली झाली. राजुरी सुटलं, फोन होत राहिले. चार-पाच वर्षांनी नगरकडं जाताना मी वाट वाकडी करून गेले. दुपारची वेळ होती. काट्यावर एक गाडी चढत होती. अंगणात ती लोखंडी खुर्ची होती आणि तिच्यावर काकींनी शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी फाटकातूनच नेहमीसारखी मोठ्यानं हाक मारली, "काकी!"

ओट्यावर एक माणूस मांडी घालून बसला होता. त्याचा सदरा त्याच्याहून कितीतरी मोठा होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मला जवळ बोलावलं. अगदी जवळ गेल्यावर मला आप्पा ओळखता आले.

"हळू बोला, मॅडम. झोपलीय ती."

"या वेळी? बरं नाहीये का?"

"बरं हाय. झोपलीय." ते सरकून बसले आणि मला जागा करून दिली. "रात्रीपन झोपती, दुपारीपन झोपती. कवा कवा चार वाजत्यात. आमी घरात भांडं वाजू देत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले. त्या घरात मी बसले आणि माझ्या पाठोपाठ ताट आलं नाही, असं आधी कधी झालं नव्हतं. आप्पांनी एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"चहाचं..." ते कुजबुजले.

"राहू द्या," मी म्हणाले.

"हां. राहू द्या."

काट्यावरच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आप्पा उठले. हात टेकून, पण एका दमात उठले, फाटकापर्यंत भराभर गेले आणि तिथून दोन्ही हात हलवून त्यांनी त्याला गप्प केलं. परत येऊन बसले. आतून बारीक घोरण्याचा आवाज येत होता. मधेच तो थांबला, तसे आप्पा मान वळवून दाराकडं बघत राहिले. काकींनी कूस बदलली असावी. आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आप्पांनी भिंतीला पाठ टेकली.